आधी टेबल आवरते, मग लिहिते!

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली. दारात शेजारची सातवीतली मुलगी उभी.

“काकू, स्टेपलर आहे?”

दिला. वीस मिनिटांनी पुन्हा बेल.

“काकू, जाडं स्केचपेन आहे? मथळा ठळक लिहायचाय.”

तेही दिलं. पाच-दहा मिनिटं झाली नाहीत तोच तिसऱ्यांदा बेल.

“काकू, तुमच्या घड्याळात किती वाजले? आमचं पुढे आहे वाटतं.”

आता मात्र मी तिला हाताला धरून आत आणलं, शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा हातावर ठेवला आणि विचारलं, “काय चाललंय तरी काय?”

“वक्तृत्व स्पर्धेचं भाषण लिहितेय. ‘आपली पंचगंगा’ हा विषय आहे. चार मिनिटं बोलायचंय, शनिवारी.”

“अरे वा! विषय कधी मिळाला?”

“झाले पंधरा दिवस.”

“मग किती लिहून झालं?”

तिनं चिक्कीचा तुकडा तोडला आणि म्हणाली, “मथळा.”

“आणि स्टेपलर कशाला हवा होता?”

“कागद एकत्र लावायला.”

“कागद किती झालेत?”

“एक.”

आम्ही दोघीही हसलो. पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. हळूहळू सगळं बाहेर पडलं. गेल्या वर्षी याच स्पर्धेत ती मधेच अडकली होती. पाठ केलेलं पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. हॉलमध्ये मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि ही तशीच जाऊन जागेवर बसली.

“आता लिहायला बसलं की तेच आठवतं, काकू. मग वाटतं, आधी टेबल आवरावं, मग लिहावं. टेबल आवरलं की पेन्सिलींना टोक करावंसं वाटतं. आई म्हणते, मी आळशी आहे.”

दोस्तांनो, तुम्हीच सांगा, ही मुलगी आळशी आहे का? पंधरा दिवसांत तिनं टेबल चार वेळा आवरलं होतं, दप्तर धुतलं होतं, डझनभर पेन्सिलींना टोकं केली होती. आळशी माणूस एवढं काम करील? ती सगळं करत होती, फक्त एकच काम सोडून. ज्या कामाची तिला भीती वाटत होती, ते!

टाळलं की बरं वाटतं, तिथंच घोटाळा होतो

आपण एखादं काम पुढे ढकलतो तेव्हा नेमकं काय होतं, ते जरा नीट बघू या. समजा, उद्या गणिताचा अवघड धडा करायचा आहे. पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. ‘आपल्याला हे जमलंच नाही तर?’ असा विचार मनात येतो. मग आपण पुस्तक मिटतो आणि म्हणतो, ‘जेवण झाल्यावर बसू.’ त्या क्षणी काय होतं? पोटातला गोळा विरघळतो. हायसं वाटतं!

हे हायसं वाटणं हीच खरी मेख आहे. पुस्तक मिटलं की बरं वाटतं, हे मन एकदा शिकलं की पुढच्या वेळी ते आणखी लवकर पुस्तक मिटायला लावतं. इकडे धडा जागचा हलत नाही. दिवस मात्र कमी होत जातात आणि भीती वाढत जाते. चालढकलीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आज हेच सांगतात. चालढकल म्हणजे फक्त वेळेचं गणित चुकणं नव्हे, नकोशा भावनेपासून काढलेला तो पळही असतो. म्हणून भिंतीवर नवं वेळापत्रक चिकटवून भागत नाही. वेळापत्रक रंगीत पेनांनी आखण्यात दोन दिवस जातात, ते वेगळंच!

यात आणखी एक गंमत आहे. अगदी शेवटच्या रात्री घाईघाईनं अभ्यास केला आणि मार्क कमी पडले, तर आपण काय म्हणतो? “मी अभ्यासच केला नव्हता, नाहीतर पडले असते मार्क!” म्हणजे नापास कोण झालं? वेळ! आपली हुशारी शाबूत राहिली. आपल्याकडे म्हणच आहे, नाचता येईना अंगण वाकडं. इथं तर आपण नाचायच्या आधीच अंगण वाकडं करून ठेवतो.

स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये याबद्दलचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही कोडी घातली. काही जणांची कोडी सुटण्यासारखी होती, तर काहींना चक्क उत्तरच नसलेली कोडी दिली होती. पण ‘छान सोडवलंत’ असं दोघांनाही सांगण्यात आलं. ज्यांनी नुसते अंदाज ठोकले होते त्यांच्या मनात आलं, ‘हे कसं जमलं कोण जाणे! पुन्हा जमेल का?’ मग दुसऱ्या फेरीआधी सगळ्यांना दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं. एक औषध म्हणे डोकं तल्लख करणारं, दुसरं डोकं मंद करणारं. खरं तर औषध कुणालाच द्यायचं नव्हतं, निवड तेवढी पाहायची होती. तर ज्यांना आपल्या यशाचा भरवसा नव्हता, त्यांच्यातल्या बऱ्याच मुलांनी डोकं मंद करणारं औषध मागितलं! कारण उघड आहे. पुढच्या फेरीत हार झाली तर ‘औषधामुळे झालं’ असं म्हणायची सोय झाली.

शेवटच्या रात्रीपर्यंत पुस्तक न उघडणं हे आपलं तसलंच औषध आहे.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही हं! आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी पेरिस्कोप करीन, असं मी मोठ्या तोऱ्यात वर्गात सांगितलं होतं. आरसे आणले, पुठ्ठा आणला. पण आरसे तिरके बसवायला जमलं नाही तर सगळे हसतील, या भीतीनं पुठ्ठ्याला कात्री लावलीच नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ‘वेळच मिळाला नाही’ असं सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. पण ते दोन आरसे कितीतरी वर्षं माझ्या खणात होते आणि खण उघडला की माझ्याकडे बघायचे. हरण्याची भीती वाटत होती, म्हणून मी न खेळताच हरले होते.

तीस रुपयांची फी परत

त्या संध्याकाळी मी माझ्या छोट्या शेजारणीला एका वकिलाची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

हा तरुण १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन परत आला. स्वभावानं अतिशय लाजाळू. इंग्लंडमधल्या व्हेंटनर गावी शाकाहारी मंडळींच्या एका सभेत त्यानं भाषण लिहून नेलं होतं. कसलं भाषण, जेमतेम फुलस्केपचं एक पान! पण वाचायला उभा राहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग थरथरायला लागलं. शेवटी ते पान दुसऱ्यानं वाचून दाखवलं.

तर हे बॅरिस्टरसाहेब मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात आपला पहिला खटला चालवायला उभे राहिले. फी होती तीस रुपये. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी करायची होती. ते उभे राहिले मात्र, पण डोकं गरगरायला लागलं. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि ‘दुसरा वकील बघा’ असं सांगून कोर्टातून बाहेर पडले. पुरतं धैर्य आल्याशिवाय खटला घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पुढे परदेशी जाईपर्यंत ते खटला चालवायला पुन्हा उभे राहिले नाहीत.

कोण हा वकील? मोहनदास करमचंद गांधी! ही फजिती त्यांनी स्वतःच ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत सांगितली आहे.

“मग त्यांना धैर्य कुठून मिळालं?” छोट्या शेजारणीनं विचारलं.

इथंच तर गोष्टीची खरी गंमत आहे. एके सकाळी धैर्य पोस्टानं आलं, असं काही झालं नाही. झालं ते असं. पोरबंदरच्या एका गरीब माणसाची जमीन जप्त झाली होती. त्याचा अर्ज लिहून द्यायचं काम गांधीजींकडे आलं. फी काही मिळणार नव्हती. त्यांनी अर्ज लिहिला आणि मित्रांना वाचून दाखवला. मित्रांना तो आवडला. गांधीजींच्या लक्षात आलं, बोलायला जमत नाही, पण लिहायला तर जमतंय! मग राजकोटला जाऊन ते अर्ज लिहिण्याचंच काम करू लागले. जे जमत होतं, तिथून त्यांनी सुरुवात केली.

१८९३ मध्ये एका व्यापारी पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. खटला मोठा होता, चाळीस हजार पौंडांचा आणि सगळा हिशेबांचा. गांधीजींना जमाखर्च येत नव्हता. ‘पी. नोट’ हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा, त्याचा अर्थही ठाऊक नव्हता. विचारायची लाज वाटत होती. मग त्यांनी हिशेबावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि शिकायला सुरुवात केली. पी. नोट म्हणजे पैसे देण्याची लेखी हमी, हेही कळलं. खटल्यातले बारीकसारीक कागद त्यांनी वाचून काढले. आणि त्याच वर्षी प्रिटोरियात तिथल्या भारतीयांच्या बैठकीत ते उभे राहून बोलले. विषय होता व्यापारातला खरेपणा. आपल्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणायचं तर हेच, असं ते लिहितात. या वेळी ते विषयाची तयारी करून गेले होते. भाषण व्यवस्थित पार पडलं.

व्हेंटनरमधल्या त्या एका पानापासून प्रिटोरियातल्या बैठकीपर्यंत काय बदललं? आधी भीती गेली आणि मग काम झालं, असं घडलं नाही. छोटी छोटी कामं होत गेली, तशी भीती मागे सरकत गेली. आपण मात्र उलटं ठरवून बसतो. ‘भीती गेली की सुरुवात करू,’ असं म्हणतो. म्हणजे नदीकाठी बसून ‘आधी पोहायला येऊ दे, मग पाण्यात उतरतो,’ म्हणण्यासारखंच झालं की!

छत्तीस वर्षं दाबून ठेवलेलं पुस्तक

हसं होण्याची भीती फक्त शाळेतल्या मुलांना किंवा नवख्या वकिलांना वाटते असं नाही. निकोलस कोपर्निकस तुम्हाला माहीत आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे गणितानं मांडणारा युरोपातला थोर खगोलशास्त्रज्ञ. आपली कल्पना थोडक्यात सांगणारी काही हस्तलिखित पानं त्यानं १५१४ च्या आधीच निवडक मित्रांना दिली होती. पण मोठं पुस्तक? ते काही बाहेर येईना. आकडेमोड आणि निरीक्षणं अजून हवी होती, हे खरं. पण लोक टर उडवतील ही धास्तीही होती. पुस्तकाच्या अर्पणपत्रात त्यानं ती मोकळेपणानं कबूल केली आहे. हे काम आपण नऊ वर्षं नव्हे, नऊच्या चौपट वर्षं दाबून ठेवलं, असंही त्यात तो म्हणतो. करा हिशेब, छत्तीस वर्षं!

मग पुस्तक आलं कसं? १५३९ मध्ये ऱ्हेटिकस नावाचा पंचविशीतला गणितज्ञ कोपर्निकसकडे शिकायला आला. त्यानं एक युक्ती केली. सगळं पुस्तक एकदम छापण्याऐवजी त्या विचारांची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका त्यानं लिहिली. ती १५४० मध्ये छापली गेली. आकाश काही कोसळलं नाही, उलट अभ्यासकांना उत्सुकता वाटली. त्यानंतर कोपर्निकसनं मोठं पुस्तक छापायला परवानगी दिली. ते १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापून झालं आणि त्याच वर्षी कोपर्निकस वारला. छापील प्रत त्याच्या हातात पडली ती अखेरच्या दिवशी, असं सांगतात.

ऱ्हेटिकसनं काय केलं, ते लक्षात ठेवा. मोठी उडी मारायची भीती वाटते ना? मग आधी छोटी मारून बघू! असा एखादा ऱ्हेटिकस आपल्यालाही लागतो. मित्र असो, ताई असो, नाहीतर शेजारची काकू!

मग आम्ही काय केलं?

सोमवार तर जवळजवळ संपला होता. हातात चार दिवस होते. आम्ही जे जे केलं, ते तुमच्या गणितालाही लागू पडेल आणि प्रकल्पालाही.

*१. भीती कागदावर उतरवली.* मी तिला विचारलं, “शनिवारी जास्तीत जास्त वाईट काय होईल?” तिनं लिहिलं, ‘मी विसरेन. मुलं हसतील.’ त्याच्यापुढे मी दुसरा प्रश्न लिहायला लावला, ‘तसं झालं तर मी काय करीन?’ बराच वेळ विचार करून तिनं लिहिलं, ‘हातातल्या चिठ्ठीत बघेन आणि पुढचा मुद्दा बोलेन.’ मनात असते तेव्हा भीती राक्षसाएवढी असते. कागदावर उतरली की तिची उंची दोन ओळी!

*२. मुद्दाम कच्चं लिहिलं.* तिचं घोडं पहिल्याच वाक्यावर अडलं होतं. पहिलं वाक्य एकदम झकास हवं म्हणून पाच कागद फाडून झाले होते. मी म्हटलं, “रफ वही काढ. आज वाईटच लिहायचं. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, खाडाखोड झाली तर उत्तमच.” कच्चं ते पक्कं करता येतं, पण कोऱ्या कागदात काय दुरुस्त करणार?

*३. कामाचे बारीक तुकडे केले.* ‘भाषण लिही’ हे काम डोंगराएवढं आहे. ‘पंचगंगेतल्या पाच नद्यांची नावं लिही’ हे काम दोन मिनिटांचं. तिनं भराभर लिहिलं : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती. झाली की सुरुवात! तुम्हीही वहीत नुसतं ‘भूगोल’ असं लिहू नका, ‘नकाशात पाच धरणं दाखवायची’ असं लिहा. ‘गणित’ असं न लिहिता ‘उदाहरणसंग्रहातलं पहिलं गणित’ असं लिहा.

*४. घड्याळ लावलं.* फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकाच्या अखेरीला अभ्यासात लक्ष लागेना. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ घेतलं आणि ते वाजेपर्यंत फक्त अभ्यास करायचा, असं ठरवलं. पुढे त्यातून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत तयार झाली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच पडलं! आमच्याकडे टोमॅटो नव्हता, साधं गजराचं घड्याळ होतं. आम्ही दहाच मिनिटं लावली. नको त्या कामात पंचवीस मिनिटं जड जातात, पण दहा मिनिटं कुणीही काढू शकतं. गजर झाला तेव्हा ती म्हणाली, “थांबा काकू, हे वाक्य पुरं करते.” तेव्हाच मला कळलं, गाडी सुरू झाली.

*५. ‘केव्हा’ आणि ‘कुठं’ ठरवलं.* ‘उद्या लिहीन’ यातला ‘उद्या’ फार लबाड असतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ च्या एका लेखात दाखवून दिलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलं, तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून तिनं लिहिलं, ‘शाळेतून आल्यावर दूध पिऊन झालं की काकूंच्या जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटं.’ आमच्या टेबलावर आवरायला काही नव्हतं, हा आणखी एक फायदा!

*६. थोड्या माणसांपुढे बोलून पाहिलं.* बुधवारी तिनं भाषण एकट्या मला ऐकवलं. गुरुवारी आजी आणि मी. शुक्रवारी दोन्ही घरं मिळून सात माणसं आणि एक मांजर. गुरुवारी ती दोनदा अडकली. तेव्हा आम्ही मुद्दाम अडकण्याचीच तालीम केली. थांबायचं, श्वास घ्यायचा, चिठ्ठीत बघायचं, पुढे बोलायचं.

आणि बरं का, भाषण सगळ्यात रंगलं ते गुरुवारी आजीनं एक आठवण सांगितल्यावर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आजीच्या माहेरच्या घरात पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी चिखलाची रेघ राहिली, ती आजी दाराशी उभी राहून हातानं मापून बघत होती. ही गोष्ट आमच्या वक्त्याच्या घरात सहा वर्षांची असल्यापासून होती, पण झकास पहिलं वाक्य शोधण्याच्या नादात तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं!

आई-बाबांसाठी थोडंसं

पालकहो, मुलं हे पान वाचून झाल्यावर तुमच्याकडे देतील, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी.

‘आळशी’ हा शिक्का मारण्याआधी एकदा विचारून बघा, “या कामातलं तुला नेमकं काय अवघड वाटतंय?” उत्तर लगेच येणार नाही. थोडा वेळ थांबा, चिक्की द्या, उत्तर येतं.

दुसरं, कौतुकही जपून करावं लागतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकी संशोधकांचा १९९८ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचवीतल्या मुलांनी काही कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं गेलं, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. पुढचं काम निवडायची वेळ आली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांचा कल आपली हुशारी टिकून दिसेल अशा कामाकडे होता, तर ‘मेहनती’ म्हटलेल्या मुलांचा नवं शिकायला मिळेल अशा कामाकडे. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली आणि सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिल्यावर ‘हुशार’ मुलं आधीपेक्षा मागे पडली. हुशारीचं बिरुद एकदा मिळालं की ते गमावण्याची भीती वाटायला लागते. म्हणून “आमची सोनू कध्धी चुकत नाही हं,” असं पाहुण्यांसमोर म्हणण्याआधी जरा थांबा. आपण कौतुक करतोय की त्या लेकराच्या डोक्यावर हंडा ठेवतोय?

तिसरं म्हणजे आपल्या फजितीच्या गोष्टी घरात सांगा. बाबांची सायकल कुठं घसरली, आईचा कुठला पेपर अवघड गेला आणि मग काय केलं, हे मुलांना कळू द्या. आपले आई-बाबाही कधी चुकले होते, हे ऐकून मुलांना जेवढा धीर येतो तेवढा दहा सुविचारांनी येत नाही. आणि अभ्यासाच्या भीतीनं मुलाचं पोट रोज दुखत असेल, झोप उडाली असेल, ते शाळेत जायलाच नको म्हणत असेल, तर मात्र रागावून किंवा समजावून थांबू नका. वर्गशिक्षकांशी बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्या.

शनिवारी काय झालं?

थांबा, सांगते. मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

शनिवारी तिचा नंबर नववा होता. पाच नद्यांची नावं तिनं खणखणीत आवाजात घेतली. आजीच्या भिंतीवरची रेघ सांगितली, तेव्हा हॉल शांत झाला. आणि त्यानंतर? त्यानंतर ती अडकली! अगदी गेल्या वर्षीसारखीच. या वेळीही मागे कुणीतरी हसलं. तिनं श्वास घेतला, चिठ्ठीत बघितलं आणि पुढचा मुद्दा बोलायला लागली. चार मिनिटांची घंटा झाली तेव्हा ती बोलतच होती. शेवटचं वाक्य घाईत गुंडाळावं लागलं.

बक्षीस? नाही मिळालं. उत्तेजनार्थसुद्धा नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात ती. एका हातात स्टेपलर, दुसऱ्या हातात स्केचपेन.

“काकू, हे परत द्यायचं राहिलं होतं. आणि पुढच्या महिन्यात निबंध स्पर्धा आहे. मी नाव दिलंय.”

“छान! लिहायला कधी सुरुवात करणार?”

“केली पण! रफ वहीत सहा ओळी लिहिल्यात. एकदम वाईट आहेत,” ती हसत म्हणाली.

मुलांनो, तुमच्याही खणात असे दोन आरसे पडलेले असतील. अर्धवट चित्र असेल, न सोडवलेलं प्रमेय असेल, भरायचा राहिलेला अर्ज असेल. हे पान वाचून झालं ना? मग घड्याळ लावा, दहा मिनिटांसाठी. आणि टेबल पसरलेलं असलं तर राहू द्या तसंच!